जुना टॅब आणि ढगातली जागा

"सर, शंभरचा घेऊ की दोनशेचा?"

हा प्रश्न रुपयांचा नाही, जीबीचा आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत पालघर, मनोर, बोईसर, चिंचणी या भागांतल्या शिक्षकांकडून तो आम्ही इतक्या वेळा ऐकला आहे, की आता तो पुरता विचारून होण्याआधीच आम्ही उलट विचारतो, "टॅब कोणत्या सालचा?" समोरची व्यक्ती थोडी गोंधळते. जागा घ्यायची ती क्लाऊडमध्ये, मग टॅबच्या वयाशी तिचा काय संबंध? सारा संबंध तिथेच आहे, आणि योजनांच्या तक्त्यांत नेमका तोच दिलेला नसतो. म्हणून या लेखात आम्ही त्या तक्त्यांचेच परीक्षण करायचे ठरवले आहे, एखाद्या पाठ्यपुस्तकाचे करतो तसे. त्यांत काय छापले आहे, काय गाळले आहे, आणि गाळल्यामुळे वाचणाऱ्याची समजूत कुठे चुकते, एवढेच पाहायचे आहे.

आधी हे टॅब आले कुठून ते सांगू. २२ जून २०१५ रोजी 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासननिर्णय निघाला आणि त्याच सुमारास 'डिजिटल शाळा' हा शब्द गावोगाव पोहोचला. पालघर जिल्ह्याला ठाण्यातून वेगळे होऊन तेव्हा जेमतेम वर्ष होत आले होते. कुठे लोकवर्गणीतून, कुठे कारखान्यांच्या सामाजिक निधीतून शाळांना टॅब मिळाले. त्या टॅबना आता दहा वर्षे होत आली. दहा वर्षांचे मूल चौथी-पाचवीत असते. दहा वर्षांचा टॅब मात्र निवृत्त होऊन बसलेला असतो. तो चालू होतो, चित्र दाखवतो, आवाज टिपतो, पण नव्या जगाशी त्याचे बोलणे हळूहळू कमी होत जाते. अशा टॅबला क्लाऊडची योजना जोडून तरुण करता येईल, असे तक्ता पाहून वाटते. आम्हालाही वाटले होते.

आमचा टॅब याच पिढीतला. आठ इंची पडदा, अँड्रॉइड ४.४ आणि १६ जीबी साठवण. खोक्यावर १६ छापले असले तरी वापरायला मिळत होते सुमारे साडेअकरा. यात फसवणूक नाही, गणित आहे, आणि ते आठवीच्या वर्गात करून घेण्याजोगे आहे. बनवणारा १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतो. टॅब मात्र २ चा ३० वा घात, म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट धरून मोजतो. त्यामुळे १६ चे १४.९ होतात. उरलेली तूट टॅबच्या स्वतःच्या कार्यप्रणालीने व्यापलेली असते.

२०२२ च्या जूनमध्ये आमच्या मुलांनी रानभाज्यांवर काम केले. पालघरकडच्या वाचकांना शेवळ्यांबद्दल सांगायला नको. पहिल्या पावसाबरोबर ती जमिनीतून वर येतात, बाजारात जुड्या दिसू लागतात, आणि कुणी नवशिक्याने नुसतीच शिजवली तर घसा खाजून बेजार होतो. म्हणून त्यांत काकडाची आंबट फळे घालतात. मनोरच्या बाजूच्या एका पाड्यावरच्या आजींनी मुलांना अशा बावीस भाज्या दाखवल्या. कोणती कुठे उगवते, कोणती कधी जून होते, कोणत्या दोन पानांत गफलत होऊ शकते, हे सारे त्यांनी वारली बोलीत, हातात भाजी धरून सांगितले. मुलांनी त्याच्या २७ चित्रफिती घेतल्या. सगळ्या मिळून ४० मिनिटांच्या. जी माहिती आमच्यापैकी एकालाही नव्हती ती आता आमच्या कपाटात होती, या आनंदात तो पावसाळा गेला.

मग टॅब भरला. 'जागा शिल्लक नाही' अशी पाटी येऊ लागली. तक्ता पाहून आम्ही वर्षाचे १३०० रुपये भरले आणि १०० जीबीची योजना घेतली. दुसऱ्या दिवशी टॅबवर तीच पाटी. येणारच होती, कारण क्लाऊडमधली जागा टॅबच्या पोटात वाढत नाही. गावात गोदाम भाड्याने घेतले म्हणून घरातली कोठी मोठी होत नाही. माल उचलून गोदामात नेऊन टाकावा लागतो. पण 'साठवण वाढवा' असे बटण असले की कोणाचीही समजूत तशीच होणार. दिवाळीच्या सुट्टीआधी आमच्यातल्या एकाने (ते कोण हे आम्ही सांगणार नाही, पण हा लेख लिहिणाऱ्यांत ते आहेत) टॅबमधल्या चित्रफिती पुसून जागा केली. त्या 'वर' गेल्याच आहेत, अशी त्यांची खात्री होती. सुट्टीनंतर पाहिले तर २७ पैकी ८ वर पोहोचल्या होत्या. बाकीच्यांच्या चित्रावर एक बारीकसा ढग होता आणि त्यावर आडवी रेघ. ती रेघ म्हणजे 'अजून पोहोचले नाही' हे आम्हाला नंतर कळले. ॲप जुने होते, नवे त्या टॅबला मिळत नव्हते, पडदा बंद झाला की पाठवणे थांबत होते, आणि याबद्दल कोणी ओरडून सांगत नव्हते.

आता तक्त्याकडे वळू. त्यात साधारण तीन रकाने असतात: किती जीबी, किती रुपये, किती जणांत वाटून घेता येईल. तिन्ही खरे असतात. पण जुन्या टॅबच्या मालकाला जे प्रश्न पडायला हवेत त्यांपैकी एकाचेही उत्तर या रकान्यांत नाही. तुमच्या टॅबवर आमचे ॲप चालेल का? तुमच्या गावातून हा माल वर जायला किती वेळ लागेल? पुसले तर कुठून कुठून पुसले जाईल? पैसे भरणे थांबले तर काय होईल? आणि हे खाते नक्की कोणाचे? तक्ता फक्त गोदामाचे आकारमान सांगतो. रस्त्याबद्दल, किल्लीबद्दल आणि भाडेपट्टा संपण्याबद्दल तो बोलत नाही.

यांतला रस्त्याचा प्रश्न आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो मोजता येतो. आमच्या टॅबवर चित्रफितीला मिनिटाला सुमारे ९० एमबी लागतात. ४० मिनिटांना ३६०० एमबी. नेटचा वेग मात्र मेगाबिटमध्ये सांगतात, मेगाबाइटमध्ये नाही. एका बाइटमध्ये ८ बिट. म्हणजे वर चढवायचे आहेत २८,८०० मेगाबिट. आमच्या शाळेच्या व्हरांड्यात फोन धरून मोजला तेव्हा वर जाण्याचा वेग सेकंदाला अर्धा मेगाबिट होता. खाली येण्याचा वेग त्याच्या कितीतरी पट होता, आणि जाहिरातीत तोच असतो. भागाकार करा: ५७,६०० सेकंद, म्हणजे बरोबर १६ तास. दहा वर्षांची बॅटरी, मधूनमधून जाणारी वीज आणि पडदा बंद झाला की झोपणारे ॲप यांच्या भरवशावर सोळा तास!

आता हाच हिशेब आवाजाचा करू. बोलणे स्पष्ट ऐकू यावे यासाठी सेकंदाला ६४ किलोबिट पुरेसे होतात. ४० मिनिटे म्हणजे २४०० सेकंद. गुणाकार १,५३,६०० किलोबिट. आठाने भागले की १९,२०० किलोबाइट, म्हणजे १९ एमबीच्या थोडे वर. त्याच व्हरांड्यातून, त्याच अर्ध्या मेगाबिटने हा आवाज वर जायला पाच मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो. सोबत प्रत्येक भाजीचे दोन छायाचित्रे धरली आणि प्रत्येक दोन एमबीचे मानले, तर ४४ छायाचित्रांचे ८८ एमबी होतात. त्यांना आणखी २३-२४ मिनिटे. आजींनी सांगितलेले जवळजवळ सारे अर्ध्या तासात सुरक्षित झाले असते, आणि १०० जीबीच्या योजनेचा हजारावा भागच त्यासाठी लागला असता.

'जवळजवळ' म्हणायचे कारण, चित्रफितीत हाताची हालचाल दिसते. कोवळी शेवळी देठातून कशी निवडायची हे आवाजात येत नाही. म्हणून चित्रफीत नकोच, असे आम्ही म्हणत नाही. दोन मिनिटांची, नेमक्या कृतीची असावी. आम्ही मात्र कॅमेरा चालू करून दिला होता आणि चाळीस मिनिटांपैकी निम्मा वेळ त्यात अंगणातली कोंबडी फिरत होती.

रस्त्याइतकीच अडचण टॅबच्या वयाची. क्लाऊडशी होणारे सारे बोलणे सांकेतिक भाषेत होते, म्हणजे मधल्या कोणाला ते वाचता येऊ नये अशी सोय असते. ही भाषा अधूनमधून बदलते. तिची १.२ क्रमांकाची आवृत्ती आता सर्रास लागते. अँड्रॉइड ५ पासून ती आपोआप चालू असते, त्याआधीच्या टॅबमध्ये असली तरी बंद स्थितीत असते. शिवाय समोरचा संगणक खरा की तोतया हे ओळखण्यासाठी टॅबमध्ये काही प्रमाणपत्रे भरलेली असतात. त्यांनाही मुदत असते, आणि जुन्या टॅबला नवी कोणी पाठवत नाही. गूगलने आपल्या मूलभूत सेवांचे नवे रूप अँड्रॉइड ४.४ ला देणे ऑगस्ट २०२३ मध्ये थांबवले. त्याआधीच्या ४.१ ते ४.३ या आवृत्त्यांचे तर २०२१ मध्येच थांबले होते. टॅब एका दिवसात बंद पडत नाही, पण एकेक ॲप 'पुन्हा लॉगिन करा' म्हणते आणि लॉगिन होत नाही. या स्थितीत २०० जीबी विकत घेणे म्हणजे ज्या स्टेशनावर गाडी थांबणे बंद झाले आहे तिथला पास काढणे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. कंपन्या जुनी यंत्रे मुद्दाम मारतात, असे आमच्या चर्चेत कोणीतरी हटकून म्हणते. त्यात तथ्य नाही असे नाही; दहा वर्षे चालणारे यंत्र विकायचे आणि त्याला दोन-तीन वर्षेच दुरुस्त्या पुरवायच्या, हा व्यवहार शाळांना परवडणारा नाही. पण सुरक्षेची कारणे खोटी नाहीत. ज्या टॅबला वर्षानुवर्षे सुरक्षेची दुरुस्ती मिळालेली नाही, त्यावर शाळेचे मुख्य खाते उघडे ठेवणे म्हणजे कडी नसलेल्या खोलीत हजेरीपट ठेवणे. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये सुरू झाल्या, तेव्हा प्रत्येकीची क्षमता २१० मेगावॅट होती; पुढे अडचणी आल्यावर ती १६० वर आणून त्या चालवल्या गेल्या. जुन्या यंत्राकडून कमी पण झेपेल असे काम घेण्याचा हा पाठ आमच्या उशाशीच होता. टॅबने टिपावे; पाठवण्याचे काम त्याने करू नये.

तक्त्यातला सर्वांत दिशाभूल करणारा शब्द 'बॅकअप' आहे. शास्त्राच्या शिक्षकाने हा शब्द वापरताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. एक म्हणजे प्रत: मूळ नष्ट झाले तरी उरते ती. दुसरी म्हणजे जुळवणी, इंग्रजी शब्दच वापरायचा तर 'सिंक': इकडे जे होईल तेच तिकडे होईल. जुळवणी ही आरशासारखी आहे. आरशासमोरून माणूस गेला की आरशातूनही गेला. पुष्कळ सेवा मुळात जुळवणीच्या आहेत आणि सोबत एक कचरापेटी देतात, ज्यातून काही दिवस वस्तू परत काढता येते. गूगल ड्राइव्हची कचरापेटी ऑक्टोबर २०२० पासून ३० दिवसांनी आपोआप रिकामी होते. ३० दिवस पुष्कळ वाटतात. पण आपल्या शाळांची उन्हाळी सुट्टी मोजून पाहा. एप्रिलच्या अखेरीस कोणी चुकून काही पुसले, तर जूनच्या मध्यावर शाळा उघडेपर्यंत ती मुदत केव्हाच संपलेली असते. हा नियम ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर रोज कामावर येणारे कार्यालय असावे. शाळा तशी नसते.

वर्गात करता येईल असा एक छोटा प्रयोग सांगतो. टॅबमध्ये एक छायाचित्र घ्या, ते वर पाठवा. मग टॅब 'फ्लाइट मोड'वर टाका आणि छायाचित्र मोठे करून पाहा. धूसरच राहिले, तर मूळ चित्र आता टॅबमध्ये नाही, फक्त त्याचा ठसा आहे. नंतर दुसऱ्याच कोणाच्या तरी फोनवरून त्याच खात्यात जाऊन ते चित्र उघडा. तिथे स्वच्छ उघडले, तरच ते पोहोचले असे म्हणायचे. हिरवी खूण दिसली, टक्के शंभर झाले, या गोष्टींवर विसंबू नये. सातवीची मुले हे दहा मिनिटांत करतात. आम्ही मोठ्यांनी केले नाही म्हणून एकोणीस चित्रफिती गेल्या.

आता किल्लीचा प्रश्न. शाळेच्या टॅबवरचे खाते बहुधा एखाद्या उत्साही गुरुजींनी आपल्या नावाने, आपल्या फोननंबरावर उघडलेले असते. मग त्यांची बदली होते. बोईसरहून मोखाड्याला, जव्हारहून डहाणूला. टॅब इथे, ओटीपी तिथे. एका शाळेत आम्ही पाहिले, बाईंनी ओटीपीसाठी फोन केला तेव्हा गुरुजी वर्गावर होते. त्यांनी मधल्या सुट्टीत आकडे पाठवले तोवर त्यांची मुदत संपलेली. असे तीन वेळा झाल्यावर दोघांनीही नाद सोडला. त्या खात्यात सहा वर्षांची शालेय छायाचित्रे आहेत. गूगलने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या नियमानुसार, दोन वर्षे कोणीही न उघडलेले वैयक्तिक खाते बंद करून त्यातले सारे पुसण्याचा अधिकार कंपनीला आहे, आणि डिसेंबर २०२३ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. शाळा-संस्थांच्या नावे असलेली खाती या नियमातून वगळली आहेत, पण गुरुजींचे खाते कंपनीच्या लेखी गुरुजींचेच. किती जीबी घ्यायचे हे ठरवण्याआधी खाते शाळेच्या नावाने उघडावे, संकेतशब्द एका पाकिटात घालून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावा, आणि बदलीच्या वेळी चार्जपट्टीत टॅबसोबत त्या पाकिटाची नोंद करावी. याला एक पैसा लागत नाही.

भाडेपट्टा संपल्यावर काय, हेही पाहून घ्यावे. 'अमर्याद' आणि 'मोफत' हे शब्द किती दिवस टिकतात याची दोन उदाहरणे पुरे. गूगल फोटोजमध्ये छायाचित्रांना मोफत अमर्याद जागा होती. ती १ जून २०२१ पासून बंद झाली आणि तेव्हापासूनची नवी चित्रे १५ जीबीच्या हिशेबात धरली जाऊ लागली. मे २०२५ मध्ये एअरटेल आणि गूगल यांनी आपल्या काही ग्राहकांना १०० जीबी जागा सहा महिने मोफत देऊ केली. सातव्या महिन्यात काय होते? जागा १५ जीबीवर परत येते आणि आपण ६० भरून बसलेलो असतो. लगेच काही पुसले जात नाही, पण नवे काही ठेवता येत नाही, आणि ईमेलही त्याच जागेत मोजली जात असल्याने टपालसुद्धा अडते. दोन वर्षे मर्यादेबाहेर राहिलात तर मजकूर पुसला जाऊ शकतो. लग्नघरी पाहुण्यांना जागा द्यावी आणि सातव्या दिवशी भाडे मागावे, तसला हा प्रकार.

मोफत मिळणाऱ्या जागेचे आकडे झटकन सांगून टाकू. गूगलचे १५ जीबी, मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हचे ५, ॲपलच्या आयक्लाऊडचे ५, ड्रॉपबॉक्सचे २. आपल्या सरकारचे डिजिलॉकर १ जीबी देते, पण ते दाखले आणि कागदपत्रांसाठी आहे; त्यात आजींची चित्रफीत ठेवायला जाऊ नये. पात्र शाळांना गूगलची शिक्षणासाठीची सेवा विनामूल्य मिळते आणि तिथे साऱ्या संस्थेला मिळून १०० टीबी असतात. मात्र त्यासाठी अर्ज, संकेतस्थळाचे नाव आणि खाती सांभाळणारा कोणीतरी लागतो. मोठ्या संस्थेने ते अवश्य करावे. दोन शिक्षकी शाळेला ते जमणे कठीण आहे.

मग पैसे भरून योजना कधी घ्यावी? आमचे मत असे. वर पाठवायला चांगला फोन किंवा संगणक हाताशी असेल, वर जाण्याचा वेग निदान ५ मेगाबिट असेल, पुढची पाच वर्षे दर वर्षी पैसे कोण भरणार हे लेखी ठरलेले असेल, आणि नको ते पुसून झाल्यावरही १५ जीबी खरोखर अपुरे पडत असतील, तर सर्वांत लहान योजना घ्यावी. बोईसरमधल्या एका हायस्कुलात या चारही गोष्टी होत्या आणि त्यांनी घेतलेली योजना आम्हाला योग्य वाटते. पाड्यावरच्या शाळेत यांतली एकही नसते. तिथे तेच पैसे मेमरी कार्ड आणि पेनड्राइव्ह यांत घालावेत. जुना टॅब बहुधा ३२ जीबीपर्यंतचेच कार्ड ओळखतो, कारण त्यापुढच्या कार्डांचा प्रकार वेगळा आहे. दुकानदार ६४ चे देऊ लागला तर आधी टॅबमध्ये घालून पाहावे. ही कार्डे म्हणजे अमरपट्टा नव्हे. त्यांत माहिती विद्युतभाराच्या रूपाने धरलेली असते आणि वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिली की तो भार झिरपतो. उष्णता जास्त तसा वेगाने. आपल्याकडचा उन्हाळा आणि पत्र्याचे छप्पर लक्षात घेता, दर वर्षी जूनमध्ये कार्ड उघडून पाहणे आणि दोन-तीन वर्षांनी नव्या कार्डावर उतरवणे बरे. एक प्रत शाळेत, एक दुसऱ्या गावी कोणाच्या तरी घरी, आणि एक क्लाऊडच्या मोफत जागेत.

आणखी एक गोष्ट मनात राहते. 'ढग' म्हटले की काहीतरी हलके, कोणाचेच नसलेले, सर्वांवर सारखे बरसणारे डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात ते कोणाच्या तरी इमारतीतले, विजेवर चालणारे, थंड ठेवावे लागणारे संगणक असतात. ॲमेझॉनने २०१६ मध्ये आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबई परिसरात व्यावसायिक ग्राहकांसाठी अशी केंद्रे सुरू केली. आपले छायाचित्र त्याच केंद्रात राहील की समुद्रापलीकडे, हे साध्या योजनेच्या तक्त्यात नसते. मुलांचे चेहरे असलेली चित्रे वर पाठवताना पालकांना विचारणे म्हणूनही आवश्यक आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट घातलीच आहे. केवळ आवाज टिपला तर हा पेच थोडा सुटतो, हा त्या १९ एमबीचा आणखी एक फायदा.

आमच्या त्या योजनेची मुदत २०२३ मध्ये संपली. आम्ही ती पुढे चालू ठेवली नाही. २०२४ च्या जूनमध्ये, शेवळी निघाली तेव्हा, नव्या तुकडीची मुले घेऊन पुन्हा त्या पाड्यावर गेलो. टॅब तोच होता, पण या वेळी त्याला नेट जोडलेले नव्हते. मुलांनी फक्त आवाज टिपला, छायाचित्रे घेतली आणि तीन छोट्या चित्रफिती. आजींना या खेपेला बावीसपैकी एकोणीस भाज्या सापडल्या. दोन अजून उगवल्या नव्हत्या, आणि एकीचे नाव त्यांना आठवेना. मागच्या वेळी त्यांनी ते सांगितले होते हे आमच्यापैकी सर्वांना आठवत होते. नाव मात्र कोणालाच आठवत नव्हते. ते त्या गेलेल्या चित्रफितींत होते.

संध्याकाळी मनोरला उतरून एका बाईंच्या फोनवरून सारे वर पाठवले आणि दुसऱ्या फोनवर उघडून ऐकले. कार्डाची एक प्रत शाळेत आहे, एक चिंचणीला आमच्यातल्या एकांच्या घरी. आवाजाची फाइल आजींच्या नातवानेही आपल्या फोनवर मागून घेतली. तो सांगतो, आजी ती अधूनमधून लावायला सांगतात, आणि अकराव्या भाजीशी आल्या की थांबवायला लावतात. तिथे त्यांनी महिना चुकीचा सांगितला आहे, असे त्यांचे म्हणणे आहे. येत्या पावसात जाऊन तेवढे पुन्हा टिपायचे आहे.